चार पूर्णांक दोन मीटरची वेळ

१

निळी पेटी शनिवारी संध्याकाळी सहा वाजता कपाटात नव्हती. रात्री नऊ वाजता टोबिन ओकिनो होडीतून धक्क्यावर उतरला, तोवर चोर म्हणून त्याचे नाव ठरूनही गेले होते.

मॅडॉक क्रीकवर आम्ही एकोणीस मोठी माणसे राहतो आणि मोत्यांचे शिंपले वाढवतो. किंबर्लीच्या या किनाऱ्यावर ब्रूमहून यायचे तर छोट्या विमानाने पाऊण तास लागतो. रस्ता वर्षातले काही महिनेच असतो. माझ्याकडे प्रयोगशाळा आहे. पाण्याचा खारटपणा, तापमान, टाक्यांतला प्रवाह मोजायचा आणि वहीत लिहायचा, एवढेच माझे काम. मोजलेल्या आकड्यातून निघते त्यापेक्षा अधिक बोलू नये, असे माझे मत आहे. या प्रकरणात मीही ते काही तास विसरले, हे सुरुवातीलाच कबूल केलेले बरे.

पेटीत या हंगामातले निवडक एकशे चाळीस मोती होते. प्रतवारी करणाऱ्या मारिसोलने शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता ती कपाटात ठेवली आणि किल्ली नेहमीप्रमाणे कपाटामागच्या खिळ्याला अडकवली. खिळा सर्वांना ठाऊक होता. आमच्याकडे कुलूप हा शिष्टाचार आहे, बंदोबस्त नव्हे.

पुरावा म्हणून एकच छायाचित्र होते. धक्क्याच्या फळ्यांखाली मगरींवर नजर ठेवणारा कॅमेरा बसवलेला आहे. त्याची बॅटरी मरायला टेकलेली होती. मनात आले तर तो एखादे चित्र टिपायचा आणि घड्याळ दर वेळी शून्यावर जायचे. शुक्रवारी सहा वाजता मीच त्यातली जुनी चित्रे पुसली होती. शनिवारी संध्याकाळी त्यात एकच नवे चित्र सापडले. पायऱ्यांशी लागलेली छोटी होडी, होडीत निळी पेटी आणि पेटीशेजारी लांब बाह्यांचा सदरा, हातमोजे आणि माश्यांची जाळी लावलेली टोपी घातलेले कोणीतरी. असा वेश आम्ही एकोणीसही जण करतो. चित्र रंगीत होते, म्हणजे दिवसाचे. अंधारात तो कॅमेरा काळेपांढरेच टिपतो. सावलीवरून सकाळ-दुपार ठरवण्याची सोय नव्हती, कारण फळ्यांखाली ऊन पोहोचत नाही. मात्र पाण्याची उंची दाखवणारी मोजपट्टी चित्रात स्वच्छ दिसत होती. चार पूर्णांक दोन मीटर.

व्यवस्थापक अ‍ॅलिस्टर फेनिमोर चित्र घेऊन स्वयंपाकघरात गेला आणि फ्रीजवर लावलेल्या तक्त्यात बोट फिरवून परत आला. तो तक्ता आमच्याकडे प्रत्येक फ्रीजवर असतो. डाव्या रकान्यात पाण्याची उंची, उजव्या रकान्यात त्या दिवशी तितके पाणी कधी होणार ती वेळ. चार पूर्णांक दोनसमोर आठ वाजून नऊ मिनिटे छापलेली होती.

शनिवारी आठ वाजता सगळी वस्ती एका टेबलावर असते, कारण शनिवारी पॅनकेक असतात. त्या शनिवारीही अठरा जण होते. टोबिन तेवढा धक्क्यावर होडीचा तळ खरवडत होता. नऊ वाजता तो सहा सोबत्यांबरोबर खाडीबाहेर, शिंपल्यांच्या दोरांकडे गेला आणि रात्रीच्या भरतीबरोबर परतला. पेटी त्याने बाहेर नेऊन कोणाच्या तरी स्वाधीन केली असणार, असे अ‍ॅलिस्टरचे म्हणणे.

"आठला कुठे होतास?" त्याने विचारले.

"धक्क्यावर."

"एकटा?"

"एकटाच."

टोबिन चोवीस वर्षांचा आहे. एकोणिसाव्या वर्षी त्याने दुसऱ्याची गाडी पळवून एका दुकानाच्या भिंतीत घातली होती. त्यापायी अठरा महिने तुरुंगात काढून तो पॅरोलवर सुटला, आणि पॅरोलचे आता आठ दिवस उरले होते. या आठ दिवसांत नवा आरोप दाखल झाला की खटल्याची वाट न पाहता त्याला परत आत नेणार होते.

अ‍ॅलिस्टरने ब्रूमला फोन केला. सार्जंटचे विमान सोमवारी सकाळी अकराला येणार होते.

२

रविवारी सकाळी सात वाजता अ‍ॅलिस्टरने जबान्या घ्यायला सुरुवात केली. सार्जंटच्या हाती सगळे तयार द्यावे, हा त्याचा हेतू. टिपणे घ्यायला मी बसले. कोपऱ्यातल्या खुर्चीत आंटी लुर्देस येऊन बसल्या; त्यांना कोणी बोलावले नव्हते आणि जा म्हणायची कोणाची छाती नव्हती.

आंटी लुर्देस बंदोय याच किनाऱ्यावर जन्मल्या. त्यांचे आजोबा फिलिपिन्सहून पाणबुड्या म्हणून आले आणि इथलेच झाले. तीस वर्षे त्यांनी ब्रूमला गणित शिकवले, आणि आता आमच्या वस्तीतल्या पाच मुलांचा वर्ग घेतात. टोबिनही त्यांच्या हाताखालून गेलेला. तो हुशार होता का, असे मी एकदा विचारले होते. "नव्हता. पण उत्तर आलं नाही तर कोरं ठेवायचा, शेजाऱ्याचं बघायचा नाही," असे त्या म्हणाल्या.

मारिसोल रडून लाल झाली होती. आठला ती पॅनकेक उलटत होती, आणि टोबिन चोर असेल तर आपण दरवर्षी वेगळ्याच माणसाला नाताळचा केक पाठवतो, असे तिने अ‍ॅलिस्टरला सुनावले. अ‍ॅलिस्टरने स्वतःची जबानीही लिहून घ्यायला लावली: आठला नाश्ता, साक्षीदार सतरा. न्यायाची त्याला हौस आहे, आणि मी ते उपहासाने म्हणत नाही.

तिसरा गॅरिक लो, आमचा यंत्रे सांभाळणारा. त्याचा करार पंधरा दिवसांत संपत होता. तो खुर्चीवर उलटा बसला.

"आठला मी पाचवा पॅनकेक खात होतो. मारिसोलला विचार, तिनं मोजले असतील. आणि तीन ते साडेचार खाऱ्या पाण्याच्या पंपाखाली आडवा पडलो होतो. नवं वायसर बसवलं, सगळा वेळ पाणी सोडून गळती बघितली. झालं? माझ्या वाटचा चहा थंड होतोय."

मी ते जसेच्या तसे उतरवले. इतरांच्या जबान्याही तशाच लिहिल्या, आणि साडेआठला वही मिटली. प्रत्येक जण आठ वाजता टेबलावर होता, टोबिन नव्हता. माझ्या मते प्रकरण संपले होते.

आंटींनी ते छायाचित्र मागून घेतले आणि चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पाहिले.

"पिप," त्या मला म्हणाल्या, "पाण्याच्या वर खांबाचा रंग कसा आहे गं?"

"काळपट."

"किती उंचीपर्यंत?"

मी मोजपट्टीशी ताडून पाहिले. "दीड मीटर. त्याच्या वर करडा."

"मग माझ्याबरोबर धक्क्यावर चल. वीस मिनिटांत तेवढंच पाणी होईल. आज खांब कसा दिसतो ते बघू."

३

भरतीचे पाणी चढत होते. आठ वाजून पन्नास मिनिटांनी मोजपट्टीवर चार पूर्णांक दोन आले. खांब पाण्यापर्यंत करडा होता, कोरडा ठणठणीत. बोट लावले तर मीठ हाताला आले. मी त्याचे छायाचित्र काढून ठेवले.

मला ते त्याच क्षणी कळले, आणि काल न कळल्याची लाज वाटली. चढते पाणी कोरड्या खांबावर चढते. उतरते पाणी मागे ओला खांब सोडून जाते. चित्रातला खांब पाण्याच्या वर दीड मीटर ओला होता.

"म्हणजे ओहोटी," मी म्हणाले.

"आधी मला सांग, वेळ दिली तर पाण्याची उंची किती सापडतात?"

"एकच."

"याला फलन म्हणतात. एक वेळ आत टाकली, एकच उंची बाहेर. आता उलट कर. उंची दिली, चार पूर्णांक दोन. वेळा किती?"

मी भरती-ओहोटीच्या मूळ कोष्टकावरून हिशेब केला. शुक्रवारी सहापासून शनिवारी सहापर्यंत पाणी त्या उंचीवरून चारदा गेले होते: शुक्रवारी रात्री आठच्या सुमारास चढताना, पहाटे तीनला उतरताना, सकाळी आठ वाजून नऊ मिनिटांनी चढताना आणि दुपारी तीन-दहाला उतरताना.

"एका उंचीला चार वेळा. हा संबंध आहे, फलन नाही," आंटी म्हणाल्या. "असल्या संबंधाला 'नेमकी वेळ सांग' म्हणून विचारता येत नाही."

"पण तक्ता तर एकच वेळ सांगतो."

त्यांनी उलट विचारले, "तक्ता कशासाठी छापलाय?"

खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. आमच्या होड्या तो फक्त चढत्या पाण्यावर ओलांडतात. होडी अडकलीच तर पुढचे पाणी तिला उचलते. उतरत्या पाण्यावर अडकलेला माणूस सहा-सात तास मगरींच्या नजरेखाली बसून राहतो. म्हणून तक्त्यात फक्त दिवसाच्या भरतीच्या वेळा असतात. ज्या वेळा विचारात घ्यायच्या त्यांचा प्रांत आधीच छाटून ठेवलेला, म्हणूनच एका उंचीसमोर एकच वेळ उरते. बारा वर्षे सगळे तोच तक्ता वाचत आले. छाटणीची आठवण कोणालाच राहिली नव्हती, आणि रोज आकडे मोजणारी मीही त्याला अपवाद नव्हते.

चित्र दिवसाचे, म्हणून रात्रीच्या दोन वेळा गेल्या. खांब ओला, म्हणून सकाळची गेली. राहिले तीन वाजून दहा मिनिटे; आणि तेव्हा टोबिन सहा माणसांसह खाडीबाहेर होता.

आम्ही अ‍ॅलिस्टरला गाठले. त्याने शांतपणे ऐकून घेतले.

"तक्ता बारा वर्षांत एकदाही चुकला नाही, आंटी."

"आजही चुकलेला नाही. त्याला जे माहीत नाही ते तू विचारलंस."

"ओलं कशानंही होतं. लाटेनं, दवानं. मी एका डागावर पोलिसांना परत पाठवू?"

आक्षेप रास्त होता, आणि त्याला उत्तर देण्याचा एकच मार्ग होता. दुपारी तीन-पन्नासला, रविवारच्या ओहोटीत, पाणी पुन्हा चार पूर्णांक दोनवर आले. आम्ही तिघे फळ्यांखालच्या पायरीवर उभे होतो. समुद्र ताटासारखा सपाट होता. खांब पाण्याच्या वर एक मीटर साठ सेंटिमीटरपर्यंत काळा होता आणि त्याच्यावर करडा. मी छायाचित्र काढले आणि तिन्ही चित्रे पायरीवर शेजारी शेजारी ठेवली.

अ‍ॅलिस्टर ती एकेक करून मोजपट्टीशी ताडून पाहू लागला. मग म्हणाला, "टोबिन नसेल, तर मग मी सकाळी सगळ्यांना भलतंच विचारलं."

"भलत्या वेळेचं विचारलंस," आंटी म्हणाल्या. "आणि एकानं तरीही बरोबर वेळेचं उत्तर दिलं."

४

मी वही उघडली. अठरा जबान्यांत 'तीन' हा आकडा एकदाच आला होता, आणि तो कोणी विचारला नव्हता.

"हा पुरावा नाही," मी म्हणाले. बडबड्या माणूस नको तेही सांगतो.

"नाहीच. कुठे बघायचं एवढंच त्यातून कळतं." आंटींनी अ‍ॅलिस्टरकडे मान वळवली. "तीनला तू कुठे होतास?"

तो अडीच ते चार पर्थच्या कचेरीशी फोनवर बोलत होता, आणि कॉलची नोंद होती. मारिसोल दोन ते चार आंटींच्याच वर्गात मुलांना शिंपल्यांची बटणे करायला शिकवत होती. बाकीचे टाक्यांवर जोडीजोडीने होते. एकटा होता तो लो, पंपघरात, त्याच्याच शब्दांत.

पुढचा प्रश्न पेटीचा. तीन-दहाला पाणी चार पूर्णांक दोन होते आणि उतरत होते. वाळूचा दांडा साडेतीन मीटरखाली ओलांडता येत नाही, आणि पाणी तितके खाली यायला वीसच मिनिटे होती. दांड्यापर्यंत जायला छोट्या होडीला अर्धा तास लागतो. म्हणजे ती होडी बाहेर गेली नव्हती. जाऊच शकत नव्हती.

"ती कुठे कुठे पोहोचू शकते त्या जागांची व्याप्ती केवढी?" आंटींनी विचारले, जणू मी फळ्याशी उभी होते.

खाडीचा आतला भाग. दोन्ही काठांना खारफुटी आणि गाळ, जिथे पेटी ठेवून कोणी ती पुन्हा घ्यायला जाणार नाही. आणि मध्ये नांगरलेले जुने बार्ज, म्हणजे सपाट तळाची मालवाहू होडी, ज्यावर लो आपली अवजारे ठेवतो. त्याच्या झाकणाला कुलूप आहे. किल्ल्या दोन: एक त्याच्याकडे, एक अ‍ॅलिस्टरकडे.

अ‍ॅलिस्टर लगेच निघाला होता. आंटींनी त्याला पाण्याकडे बोट दाखवले. या बोलण्यात पाऊण तास गेला होता आणि बार्जपर्यंतची वाट आता गाळात चालली होती. छोट्या होड्यांच्या किल्ल्या चोरीनंतर त्याने स्वतःच्या खिशात ठेवल्या होत्या, त्यामुळे तिकडे दुसरे कोणी जाण्याची भीती नव्हती. पण रात्रीच्या भरतीत मगरींमुळे छोटी होडी कोणी काढत नाही; म्हणजे सोमवारी सकाळी नऊनंतरच बार्जला पुरेसे पाणी येणार होते, आणि अकराला विमान.

"आणि बार्जवर काही नसलं तर?" मी विचारले.

आंटींचे लक्ष पंपघराकडे होते. पंपाचे पाणी कुठून येते, एवढेच त्यांनी मला विचारले. आणि मी टाक्यांच्या नोंदींची वही आणायला धावले.

५

सोमवारी पावणेनऊ वाजता आम्ही धक्क्यावर होतो. टोबिनही होता, कपड्यांची पिशवी भरून, पायाशी ठेवून उभा. त्याला कोणी तशी आज्ञा केली नव्हती. गॅरिकला आंटींनी होडीचे इंजिन बघायला म्हणून बोलावून घेतले होते. पाणी दोन पूर्णांक सातवर होते, आणि तीन झाल्याशिवाय होडी हलवू नये, असे अ‍ॅलिस्टर दोनदा म्हणाला.

"गॅरिक," आंटी म्हणाल्या, "शनिवारी पंप तीन ते साडेचार चालू होता ना?"

"सांगितलं की. एक मिनिटही बंद नव्हता."

"आणि टाकीत पाणी पडत होतं?"

"धो धो. गळती बघायची तर पाणी नको का? मुलांना शिकवता शिकवता आता मलाही पंप शिकवणार, आंटी?"

"मला पंपातलं काही कळत नाही. पिपला विचार."

मी वही उघडली. पंपाच्या पाण्यातल्या नळाचे तोंड तीन पूर्णांक सहा मीटर उंचीवर आहे. भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत ओहोटी तितकी खाली उतरत नाही, त्यामुळे पंप दिवसभर पाणी ओढतो, आणि आदल्या आठवड्यात त्याने ओढलेही होते. शनिवारी उधाण होते. तीन-अठ्ठावीसला पाणी नळाच्या तोंडाखाली गेले. टाकीवरच्या प्रवाहमापकाने त्या मिनिटाला शून्य लिहिले आणि रात्री आठपर्यंत शून्यच लिहीत राहिला.

"साडेतीन ते साडेचार तू पाणी पाहिलंस म्हणतोस," आंटी म्हणाल्या. "त्या तासाला पाणी कमी होतं असंही नाही, रे. नव्हतंच. तो तास पंपाच्या प्रांतात बसतच नाही."

लोने वहीकडे पाहिले, मग नळाकडे. यंत्रांच्या बाबतीत तो काटेकोर माणूस आहे. आपण काय बोललो ते त्याला आमच्याइतकेच लवकर कळले असावे.

"वेळ चुकली असेल माझी," तो म्हणाला.

"असेल. म्हणून बार्ज उघडून बघू."

पाणी तीनवर आले. अ‍ॅलिस्टर आणि मी होडी घेऊन गेलो. बार्जचे झाकण उघडले तेव्हा साडेनऊ वाजायला आले होते. अवजारे, दोर, रंगाचे डबे. पहिल्या दोन फेऱ्यांत काही नाही. अ‍ॅलिस्टरने एकेक खोके उपसायला घेतले. दक्षिणेकडून विमानाचा आवाज आला, वेळेच्या पाऊण तास आधी. सुट्या भागांच्या खोक्यात, तेलकट चिंध्यांखाली, निळा कोपरा दिसला. मी एकशे चाळीस मोती दोनदा मोजले. घाई असली तरी एकदाच मोजणे मला जमत नाही.

आम्ही परतलो तेव्हा सार्जंट हॉलिस धावपट्टीवरून चालत येत होता. लो पायरीवर बसला होता. का केले ते त्याने पुढे सार्जंटला सांगितले असेल; मी तिथे नव्हते, आणि जे मोजले नाही त्याबद्दल मी लिहीत नाही.

पण आंटींशी तो बोलला, हलक्या आवाजात. "मी त्याचं नाव घेतलं नव्हतं, आंटी. मी त्याला अडकवलं नाही."

"नाही," त्या म्हणाल्या. "तक्त्यानं अडकवलं. तू बसून चहा प्यायलास."

सार्जंटने वहीत आधीच लिहून आणलेले नाव खोडले आणि दुसरे लिहिले. मला ते खोडलेले नाव दिसत होते, टोबिनलाही. सार्जंट आणि लो विमानाकडे निघाले तेव्हा टोबिनने पायाशी ठेवलेली पिशवी उचलली, पण कुठे न्यायची ते त्याला क्षणभर सुचले नाही. मारिसोलने ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि त्याच्या खोलीकडे चालू लागली.

अ‍ॅलिस्टर त्याच्यासमोर आला. चुकलो, असे तो म्हणाला. नीट, सगळ्यांच्या देखत, एकही सबब न सांगता. मग त्याने हात पुढे केला.

टोबिनने त्या हाताकडे पाहिले. राग त्याच्या चेहऱ्यावर नव्हता. हिशेब करणाऱ्या माणसाचा असतो तसा तो चेहरा होता.

"शनिवारी आठ दिवस राहिले होते," तो म्हणाला. "आता सहा राहिलेत. सातव्या दिवशी मिळवू हात."

आणि तो होडीचा उरलेला तळ खरवडायला खाली उतरला.